चेअरमनसाहेबांची बातमी

नेकनूरच्या दूध संस्थेच्या कचेरीत सातच्या बातम्या सगळे मिळून बघत, कारण त्या द्यायला मैनुद्दीन मिस्त्रीची शमीम असे. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याची लेक राज्यभर ऐकली जाते, याचा तोरा बापापेक्षा चेअरमन विठ्ठलरावांनाच जास्त. शाळकरी वयात संस्थेच्या भोंग्यावरून सूचना वाचायला त्यांनीच तिला उभं केलं होतं. तिथून बीडची केबल वाहिनी, तिथून मुंबईची मोठी. वशिला कुणाचा नाही, नुसता गळा आणि कष्ट. बाकीचे निवेदक घसा फोडून ओरडत. ही घरात बसून सांगितल्यासारखी सांगे, आणि लोकांना पटे.

एका दुष्काळात संस्थेनं चारा छावणी काढली होती. तपासणीच्या दिवशी जनावरं कमी भरू नयेत म्हणून विठ्ठलरावांनी शेजारच्या गावातून गुरं मागून आणली. सगळं झकास जमलं होतं. पण पाण्यावर सोडताच परक्या गाई पाणी प्यायल्या आणि ओळीनं आपल्या गावाच्या वाटेला लागल्या. तपासणीचे साहेब बघतच राहिले, आणि शमीमच्या वाहिनीचा कॅमेराही. अख्ख्या गावाची हसून पुरेवाट झाली.

मैनुद्दीनला मात्र हसू येईना. संध्याकाळी विठ्ठलरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"मैनुभाई, पोरीला फोन लाव. आज दुसऱ्या कुणाला वाचू दे म्हणावं. तिच्या तोंडून माझं नाव नको."

मैनुद्दीनचा जीव कात्रीत सापडला. चेअरमनना नाही म्हणवेना आणि लेकीला असलं काही सांगवेना. शेवटी लावला फोन. शमीमनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, काकांना द्या."

फोनचा आवाज मोठा होता. मैनुद्दीनला सगळं ऐकू येत होतं.

"काका, बातमी मीच वाचणार. आज तोंड लपवलं तर उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवील? पण तुमचं म्हणणं अजून आलेलं नाही. सांगा, जसंच्या तसं वाचते."

विठ्ठलरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "गुरं मागून आणलती, हे खरं हाय. कमी भरली असती तर छावणी बंद पडली असती, अन् आमची जनावरं उपाशी मेली असती. तरी चूक ती चूकच. लिही."

सात वाजता शमीमनं आधी त्या गाई दाखवल्या, मग चेअरमनचं पूर्ण नाव घेतलं, मग त्यांचं म्हणणं वाचलं. पदरचा एक शब्द घातला नाही की एक गाळला नाही. आवाज रोजच्यासारखाच शांत. फक्त कागद धरलेली बोटं घट्ट आवळली होती, ते बापाला दिसलं.

"माफ करा, चेअरमनसाहेब," तो पुटपुटला.

"माफी कशापायी मागायलास?" विठ्ठलराव उठले. "सकाळी मी राजीनामा देणार हाय. पोरीला सांग, ती बातमी बी तिनंच वाचायची."