मधेच थांबणारा बँड

माझी ठमी जन्मली आणि आमच्या बँडचा सराव घराच्या बाहेरच्या खोलीत आला. मी ड्रमवर, दीर गिटारवर, नणंद गायला. आधी आमचा नुसता दणदणाट असायचा. आता ड्रमवर जुनी पांघरुणं, गिटार कुजबुजल्यासारखी आणि नणंदेचं गाणं ओठातल्या ओठात. पाळणा हलला, ठमी कुरकुरली, की तिघंही जिथल्या तिथे गप्प. त्या दाबून धरण्यातून गाण्यांना अशी काही धग चढली की ऐकणारे विचारू लागले, "हे कुठून शिकलात?"

मग मोठ्या मैदानावरचा कार्यक्रम मिळाला. लोकांनी उचलून धरलं तर गावोगावचा दौरा पक्का. पण आयोजकाने माझ्या कडेवरची ठमी पाहिली आणि नणंदेला बाजूला घेतलं. "तान्हं मूल घेऊन दौरा? माझ्याकडे दुसरा ड्रमर तयार आहे. आज जरा जरी गडबड झाली, तर उद्यापासून तो."

नणंद परत आली ती लालबुंद होऊन. "वहिनी, आज असं वाजव की त्याचे कान उपटले गेले पाहिजेत!"

पांघरुणं नसलेला ड्रम! हात नुसते सुटले होते. पहिल्याच गाण्यात मैदान उड्या मारू लागलं. दुसऱ्यात नणंदेची हळू ओळ आली, मी काठ्या जेमतेम टेकवत होते, आणि पडद्यामागे सासूबाईंच्या कडेवर ठमीने टाहो फोडला.

आम्ही थांबलो. तिघंही. नणंद तर अर्ध्या शब्दावर.

"अगं, वाजवा गं! दात येतायत तिला, भूक नाहीये!" सासूबाईंचा आवाज नणंदेच्या माइकने टिपला आणि मैदानभर गेला.

हशा पिकला. आयोजकाने कपाळाला हात लावला. दीर पांढराफटक. घाईने सुरू केलं असतं तर चूक उघडी पडली असती. मी दोन्ही काठ्या सावकाश डोक्यावर नेल्या आणि तशाच धरल्या. हसू विरलं. पार मागच्या रांगेपर्यंत सगळे श्वास रोखून माझ्या हातांकडे बघायला लागले. अजून थोडं. अजून. दिराने नुसता श्वास घेतला, मला कळलं, आणि तिघंही एकदम गाण्यावर तुटून पडलो. बाई गं, काय उसळलं ते मैदान!

उतरलो तर आयोजक समोर. "ते थांबणं! रोज त्याच जागी घ्याल ना?"

"रोज वेगळ्या जागी," मी म्हटलं. "माझे हात वर जातील तिथे."

तो घुटमळला. "दुसऱ्या ड्रमरला शिकवता येईल?"

"येईल की," नणंद म्हणाली. "आधी त्याला एक मूल होऊ द्या."

तो हसला. "बरं, पाळण्यासकट या."

बाहेर लोक थांबायला तयार नव्हते, परत बोलावत होते. मी ठमीचा ओला गाल चुंबला, तिला सासूबाईंकडे दिलं आणि धावत सुटले. मागून सासूबाई ठमीला घेऊन धापा टाकत आल्या.

"अगं ए, काठ्या! बोटांनी वाजवणार आहेस का?"