क्ष बारापेक्षा मोठा

बाबांसाठी ऑक्सिजनचं मशीन आणायचं होतं. विकत की भाड्यानं, एवढाच प्रश्न. पण आमचा धाकटा पडला गणिताचा मास्तर, त्याला साधं सरळ काही सुचेल तर शपथ! स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जुनं पाकीट ओढून त्यानं पाकिटाच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडायला घेतला.

"ताई, हे बघ. विकत घेतलं तर छत्तीस हजार, वर देखभालीचे महिन्याला पाचशे. भाड्यानं घेतलं तर महिन्याला साडेतीन हजार, देखभाल त्यांची. क्ष महिने धर. भाडं महाग कधी पडतं? क्ष बारापेक्षा मोठा असेल तेव्हाच. डॉक्टरांनी वर्षभर म्हटलंय. म्हणजे क्ष काही बाराच्या वर जात नाही. भाड्यानंच घेऊ."

आणि त्यानं पेनाला टोपण लावलं!

मी ओरडलेच. "अरे मेल्या, क्ष म्हणजे कोण ते कळतंय का तुला? क्ष म्हणजे आपले बाबा!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. वर्गात सोडवतो तसं सोडवत गेला होता बिचारा, उत्तर तोंडातून निघून गेलं. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. अक्कल गहाण टाकलीस का, जन्मदात्याचे महिने मोजतोस, लाज कशी वाटत नाही... तोंडाला येईल ते बोलले, तेही घर दणाणेल अशा आवाजात.

शेवटी मीच दुकानदाराला फोन लावला. "मशीन विकत घेतोय आम्ही. आजच पाठवा."

"अहो ताई, आत्ताच तुमच्या वडिलांचा फोन येऊन गेला. भाड्यानं हवंय म्हणाले. एका महिन्यासाठी."

"एका?"

"मी म्हटलं, तीन महिन्यांचं घ्या, सवलत देतो. नको म्हणाले."

शेजारच्याच खोलीत बाबा, आणि दार सताड उघडं! धावत गेले. ते उशीला टेकून बसले होते, फोन मांडीवर.

"बाबा, हे काय केलंत? डॉक्टर तर वर्षभर म्हणाले होते!"

"तुम्हाला म्हणाले." त्यांनी दम घेतला. "मीच सांगायला लावलं होतं तसं."

दारात धाकटा उभा होता. त्याला हुंदका फुटला. आणि ज्याला मघाशी इतकं तडातडा बोलले होते, त्याला मी जवळ ओढून घेतलं.