माझं नाव रश्श्याला गेलं

मी हंडा. लोखंडी, तीन पायांचा, जाड बुडाचा. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर मला ओतलं आणि मासेमारीच्या जहाजावर चढवलं. तिकडे मला 'शोदिएर' म्हणत. जहाजावरचा आचारी एरवान मला वाळूने घासता घासता माझ्याशी गप्पा मारायचा.

हिवाळ्याच्या तोंडावर न्यूफाउंडलंडच्या खडकांवर जहाज फुटलं. माणसं कशीबशी किनाऱ्याला लागली. ओहोटी आल्यावर एरवान परत गेला आणि मला ओढत घेऊन आला.

गाव इंग्रज कोळ्यांचं. फ्रेंचांशी त्यांचं जुनं वैर. एकेक दार बंद झालं. टॅमसिन नावाच्या विधवेने तेवढं आपलं उघडलं.

शेजारचा सायलस ओरडला, "अगं, आपल्या माशांवर डल्ला मारणारे हे! यांना घरात घेतेस?"

"भांडण उन्हाळ्यात करू, सायलसदादा. आत्ता लाकडं आण."

पुटपुटत का होईना, त्याने आणली.

टॅमसिनकडे थोडे मासे आणि बटाटे होते. एवढ्यांना कुठले पुरणार? एरवानने मला अंगणात चुलीवर चढवलं आणि लोकांना खुणेने सांगितलं, ज्याच्याकडे जे असेल ते यात टाका. कुणी कांदे आणले, कुणी दूध, कुणी कडक बिस्किटं. शेवटी सायलस खारवलेल्या मांसाचा तुकडा घेऊन आला.

"हंड्यात टाकतोय हं. फ्रेंचांना देत नाहीये."

"कळलं, कळलं," म्हणत टॅमसिनने पहिला वाडगा त्यालाच दिला.

त्याने बघता बघता वाडगा रिकामा केला. मग एरवानला म्हणाला, "काय रे म्हणता याला?"

एरवानला वाटलं, तो माझं, म्हणजे हंड्याचंच, नाव विचारतोय. माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "शोदिएर!"

"चाउडर?"

"शोदिएर!"

"तेच म्हटलं की मी. चाउडर. वाढ अजून."

त्या हिवाळ्यात एकही माणूस दगावला नाही. वसंतात फ्रेंचांना न्यायला जहाज आलं. एरवान मला उचलायला आला, तेव्हा माझ्यात रस्सा रटरटत होता आणि पोरं वाडगे घेऊन बसली होती. त्याने माझ्या कडेवरून हात फिरवला.

"राहा इथंच," म्हणाला, आणि मागे न बघता उतरणीला लागला.

अशा दाट माशांच्या रश्श्याला इंग्रजीत आजही चाउडरच म्हणतात. त्या शब्दाच्या जन्माच्या आणखीही गोष्टी सांगतात. मी माझी सांगितली.

आता माझ्या बुडाला भोक पडलंय. मला वितळवायला द्यायचं घरात चाललंय. द्या, हरकत नाही. फक्त माझ्या लोखंडाचं पुन्हा भांडंच ओता. आणि ते जरा मोठं असू द्या. न बोलावलेली माणसंही जेवून जातील, एवढं.