अंगठ्याखालची ओळ

बेंबळीचा बाजार भरला होता, पण बाजारात माणूस नव्हतं. मिरच्यांची पोती उघडी पडली होती, शेळ्या भाजीच्या पाट्यांत तोंडं घालत होत्या, आणि सगळं गाव मारुतीच्या पारापुढं माना उंच करून उभं होतं.

पारावर दावीदबाबा बसला होता. अंगात भगवी कफनी, डोळ्यांत सुरमा, गळ्यात एकाच दोऱ्यात ओवलेले क्रूस आणि रुद्राक्ष. म्हणजे कोणत्याही आळीत गेला तरी उपाशी राहायची धास्ती नको. कुठल्या चर्चनं त्याला धाडलं नव्हतं, कुठल्या मठानं दीक्षा दिली नव्हती. मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, तेवढंच त्याचं भांडवल.

"किताब बोलती है!" बाबा ओरडला. "म्या न्हाय बोलत, पुस्तक सोता बोलतंय! डोळे बंद, दिल खुला! सवाल मनात धरा, हात ठेवा, जवाब घ्या!"

धोंडीबा पुढं झाला. त्याच्या बायकोचा खोकला वर्षभर हटत नव्हता. बाबानं त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पुस्तक फडक्यातून काढून त्याच्या हातांत दिलं आणि म्हणाला, "सोड!" धोंडीबानं बोटं सैल सोडली. पुस्तक आपोआप उघडलं. बाबानं ते उचललं, लाल फडकं पानावर अंथरलं, खाली अंगठा रोवला आणि गावच्या तलाठ्यापुढं धरलं.

"वाचा, तलाठीसाहेब! आपला तर काय, अडाणी कारभार."

महांतप्पा तलाठी निजामाच्या अमलात शिकलेले. उर्दू फाडफाड, पण मराठी अक्षर आलं की बोट ठेवून चाचपडायचे. ते वाकले. "वै… वैद्या… वैद्याची गरज नाही."

पारापुढं एकच कल्लोळ उठला. धोंडीबानं पट्टी फेकून बाबाचे पाय धरले. त्याच्यामागून चौघं-पाचजण आले, पुस्तक तितक्यांदा उघडलं, आणि तितक्यांदा तलाठ्यांनी तीच ओळ वाचली. एकच ओळ सगळ्यांना कशी येते, असं कुणीही विचारलं नाही. ज्याला त्याला वाटलं, हा हुकूम खास आपल्यासाठी आहे. देवीला कौल लावायची सवय असलेली माणसं. पुस्तकालाही त्यांनी कौलच लावला. मग बाबा पुस्तकावरून पाणी फिरवून तांब्यात द्यायचा. बदल्यात तूप, कोंबडी, जे घरात असेल ते. "औषध मात्र बंद! पोटात औषध असलं की हे पाणी लागू पडत न्हाय!" केवढी सोय! माणूस बरा झाला तर पाण्यानं, नाही झाला तर पोटात औषध राहिलं असणार.

त्या गर्दीत द्वारकाबाईही होत्या. त्यांनीही तांब्या भरून घेतला.

घरी त्यांची सून वनमाला चार वर्षांच्या चंपाच्या कपाळावर ओली घडी बदलत होती. मुदतीचा ताप होता. नवरा वसंतराव, गावच्या शाळेतला मास्तर, शिक्षकांच्या शिबिराला लातूरकडं गेला होता. जाण्याआधी त्यानं मुलीला धाराशिवच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. डॉक्टरांनी कॅप्सूलची बाटली देताना बजावलं होतं, "ताप उतरला तरी बाटली संपेपर्यंत थांबायचं नाही. अर्ध्यात सोडलंत तर उलटून येईल."

ताप उतरला. चंपा उठून बसली, भात मागायला लागली. आणि बाटली कोनाड्यातून नाहीशी झाली. वनमालेनं भांड्यांमागं शोधलं, अंथरूण झाडलं. दोन दिवसांत मुलीचं अंग पुन्हा तव्यासारखं झालं.

"आत्याबाई, बाटली कुठं आहे?"

द्वारकाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "ठेवलीय म्या जपून."

"पोरीचा ताप उलटलाय. द्या ती."

"त्या गोळ्या पोटात हायेत म्हणून पाणी लागंना. आज तर माझ्यादेखत पुस्तक बोललं, वनमाले. तलाठ्यानं वाचलं, 'वैद्याची गरज न्हाय'. तलाठी खोटं वाचंल?"

"आणि डॉक्टर खोटं सांगतील?"

सासू खाली बसल्या. आवाज बसका झाला. "माझा ल्योक दिगंबर असल्याच तापानं गेला. त्याला बी हकीम झाला, वैद्य झाला. कोण काय करू शकलं? आता एक पाणी र्‍हायलंय, ते बी तू करू देईनास?"

वनमालेचा राग ओसरला. ही बाई वाईट नव्हती, भ्यालेली होती. भ्यालेल्या माणसाच्या खिशात हात घालणारा तो पारावरचा भामटा वाईट होता.

"पुस्तकानं सांगितलं म्हणून बाटली ठेवलीत ना? आणि त्याच पुस्तकानं उलट सांगितलं तर?"

"तर देते. आई तुळजाभवानीची शपथ. पण पुस्तकानं सांगितलं पायजे. तू न्हाय."

वनमाला मुलीजवळ बसली. तापात चंपाला दुसरं काही नको असायचं, फक्त वडिलांनी आणलेलं प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक उशाशी हवं असायचं. आता तिनं ते हातात धरायचा प्रयत्न केला आणि ते निसटून जमिनीवर पडलं. हत्तीचं पान उघडलं. कालही पडलं होतं तेव्हा हत्तीच होता. परवाही. चंपाला हत्ती इतका आवडायचा की दिवसातून कितीदा तरी ती तेवढंच पान उघडून दाबून धरायची, त्यावर डोकं ठेवायची. पुस्तकाची पाठ तिथंच मोडली होती.

वनमालेनं पुस्तक उचललं, मिटलं, सोडलं. हत्ती. पुन्हा सोडलं. हत्ती.

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर सोलापूरची मिशनची शाळा आठवली. कारकुनाची पोर म्हणून फी माफ होती, पण पवित्र शास्त्राचा तास चुकवता यायचा नाही. एस्तेरबाई एखादं वचन म्हणायला लावायच्या आणि लगेच छडी टेबलावर आपटायच्या: "याच्या आधी काय? याच्या पुढं काय? कोण बोलतंय, कुणाला?" ते सांगता आलं नाही तर पाठांतराचे गुण शून्य. वैद्याची ती ओळ तिच्या ओळखीची होती. पुरी ओळखीची.

दुसऱ्या दिवशी पारावर आणखी मोठा तमाशा होता. धर्म बुडतो म्हणून कुणीतरी तुळजापूरहून उत्तरेश्वरशास्त्र्यांना आणवलं होतं. शास्त्रीबुवा एस.टी.तून उतरले तेच बाह्या सावरत. वनमालेनं शेजारच्या कस्तुराबाईंना मुलीजवळ बसवलं, चित्रांचं पुस्तक पदराखाली घेतलं आणि बायकांच्या घोळक्यात सासूशेजारी जाऊन उभी राहिली.

"ह्यांच्याच ग्रंथात लिहिलंय," शास्त्री गरजले, "मी शांती आणायला आलो नाही, तलवार आणायला आलोय! हा काय धर्म झाला? बोल!"

बाबा गालात हसला. बोलायची गरज काय? त्यानं एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पुस्तक सोडलं, तलाठ्यांनी वाचलं, "वैद्याची गरज नाही." गाव नाचलं. शास्त्री लालबुंद होऊन पुन्हा तलवारीवर आले. एकाची एक ओळ, दुसऱ्याची एक ओळ. दोघंही त्याच्यापलीकडं पाऊल टाकायला तयार नाहीत. कोंबडे तरी झुंजताना जागा बदलतात.

"बाबा," वनमाला मोठ्यानं म्हणाली, "आमचा एक रिवाज आहे. पोथी वाचायला घेतली की अध्याय पुरा करायचा. अर्धा सोडलेला अध्याय घराला बाधतो. तुम्ही रोज एकच ओळ वाचून पुस्तक मिटता. आज अध्याय पुरा करा."

गर्दी चपापली. मग बायकांत कुजबुज सुरू झाली. अध्याय अर्धा सोडतात? असं कधी कुणी ऐकलं होतं? द्वारकाबाईंचा चेहराच उतरला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात पारायणात कुणी शिंकलं तरी अध्याय मोडत न्हाय. आन् तुमी अध्याय अर्धाच टाकलाय इतके दिवस? माझी नात आजारी हाय, बाबा! तिला बाधलं म्हंजी?"

"माय, ह्यो ग्रंथ येगळा हाय…" बाबा फडकं सावरू लागला. "ह्याचं तेज लई. एक ओळीच्या वर झेपत न्हाय संसारी माणसाला."

"मला झेपतं," वनमाला म्हणाली. "मी ह्याचे पेपर दिलेत."

कुणीतरी हसलं. शास्त्री खेकसले, "बाई, हा शास्त्रार्थ आहे! घरी जा, पोळ्या कर."

"तुमच्याकडं येतेच, शास्त्रीबुवा. आधी ह्यांचा अंगठा उचलू देत."

"कसला अंगठा?" महांतप्पांनी चष्मा वर केला.

"वाचायला दिलेल्या ओळीखाली आताही रोवलाय तो. तलाठीसाहेब, फडक्याच्या वर काय आहे, अंगठ्याच्या खाली काय आहे, तुम्ही कधी पाहिलंत?"

तलाठी कानापर्यंत लाल झाले. बाबा पुस्तक मिटायला गेला, पण द्वारकाबाई पारावर चढल्या होत्या. अक्षरओळख नसलेली ती बाई. तिनं बाबाचं मनगट गोठ्यातल्या अडेल म्हशीला धरावं तसं धरलं.

"उचला," त्या म्हणाल्या. "उचला म्हणते ना!"

अंगठा उठला. खाली पानावर तेलकट काळा डाग होता, नेमका त्या बोटाच्या मापाचा. किती गावांतून किती वेळा तो तिथं रोवला गेला असेल कुणास ठाऊक. डागातूनही छापलेली अक्षरं स्वच्छ दिसत होती. वनमालेनं फडकं बाजूला केलं आणि पुस्तक तलाठ्यांपुढं धरलं. "तुम्हीच वाचा. सावकाश."

महांतप्पा वाचू लागले. रकाना अरुंद होता, म्हणून एकाच वाक्याच्या तीन ओळी झाल्या होत्या. "जे… निरोगी आहेत त्यांना. वैद्याची गरज नाही." ते थांबले. घाम पुसला. "ज्यांना… दुखणं आहे. त्यांना आहे."

धोंडीबा गर्दीतून रेटत पुढं आला.

"पुन्हा वाचा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"ज्यांना दुखणं आहे त्यांना आहे. वैद्याची गरज आहे."

"आणि हे औषधाबद्दलही नाही," वनमाला म्हणाली. "वरचं वाचा. लोकांनी ज्यांना वाळीत टाकलंय त्यांच्या पंगतीला हा गुरू बसलाय. बाकीचे टोमणा मारतात, असल्यांबरोबर जेवतो कसा? तेव्हा तो उत्तर देतो, जिथं दुखणं आहे तिथंच वैद्यानं जावं. कुणाला शिवायचं नाही आणि कुणाला पाराच्या खाली बसवायचं, हे ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांना मारलेली चपराक आहे ती. आणि ह्या बाबानं तिचं काय केलं, तर कोंबड्या गोळा केल्या!"

"पण मग त्ये आपसूक कसं उघडतं?" धोंडीबानं रडवेल्या आवाजात विचारलं. "म्या डोळ्यानं… म्हंजी पट्टीखालून…"

वनमालेनं पदराखालचं पुस्तक काढून वर धरलं आणि सोडलं. हत्ती. धोंडीबाला सोडायला लावलं. हत्ती. तलाठ्यांना लावलं. हत्ती.

"माझी चंपा संत नाही. ती हेच पान दाबून धरते, म्हणून पाठ इथं मोडलीय. त्यांच्या पुस्तकाची पाठ बघा."

धोंडीबानं पुस्तक उलटं केलं. पाठीचा शिवण-दोरा एकाच ठिकाणी मुद्दाम कापलेला होता, आणि त्या पानाच्या मुळाशी पातळ कामटी चिकटवलेली होती. धोंडीबानं ती नखानं उपटली, पुस्तक मिटून सोडलं. उघडलं ते भलतंच पान. त्यावर वंशावळीतली लांबलचक नावं होती. कुणी कुणाला जन्म दिला, ह्याखेरीज काही नाही.

"वाचा, बाबा," मागून कुणीतरी ओरडलं, "आज कुणाचं बारसं?"

बाबानं रुद्राक्ष चाचपला, मग क्रूस चाचपला. दोन्हींकडून उत्तर आलं नाही. लोक कोंबड्या परत मागू लागले तेव्हा तो पाराच्या मागल्या अंगानं उतरला आणि चालू लागला. पुस्तक आणि लाल फडकं तेवढं मागं राहिलं.

उत्तरेश्वरशास्त्री खाकरले. "पाहिलंत? मी म्हणतच होतो, ह्यांचा ग्रंथच…"

"तुमची तलवार, शास्त्रीबुवा," वनमालेनं त्यांना थांबवलं. "तिच्या पुढच्याच ओळीत बाप-लेक आणि सासू-सून आहेत. नवं मानलं की घरातच फूट पडते, एवढंच तिथं म्हटलंय. आणि खरी तलवार एका चेल्यानं उपसली तेव्हा ह्याच पुस्तकात त्याला ती म्यान करायला सांगितलंय. तो धर्म खुशाल मानू नका. मीही मानत नाही. भांडायचं तर पुरं वाचून भांडा. अंगठा तुमचाही आहे, फक्त तो दिसत नाही."

शास्त्र्यांना परतीच्या एस.टी.ची आठवण झाली.

सासू-सून घरी आल्या. द्वारकाबाईंनी ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाटली काढली. वनमालेनं कॅप्सूल फोडून मधात कालवली, चंपाला मांडीवर घेतलं. पोरीनं तोंड वेंगाडलं. आजीनंच हनुवटी धरली. "घे गं माझी बाय. पुस्तकानंच सांगितलंय."

"पुस्तकानं नाही, आत्याबाई. डॉक्टरांनी. तपासून, विचार करून. पुस्तकात लिहिलं नसतं तरी औषध द्यायचंच होतं."

द्वारकाबाईंनी डोळे पुसले, मान हलवली. या खेपेला बाटली तळापर्यंत रिकामी झाली. ताप गेला तो उलटून आला नाही.

देवाचं असो, सरकारचं असो, शास्त्र्याचं असो. कुणी एक ओळ दाखवून तुमच्या लेकराचं औषध, ताटातलं तूप नाहीतर शेजाऱ्याशी असलेलं नातं मागू लागला, तर आधी एवढंच म्हणा: वरचं वाच, खालचं वाच, अंगठा उचल. खऱ्या ग्रंथाला त्यानं बाध येत नाही. येतो तो फक्त लबाडाला.

पुढं एकदा चंपा आजीच्या मांडीवर बसली होती. चित्रांचं पुस्तक उघडलं, अर्थातच हत्तीवर. आजीनं खूप वेळ हत्ती पाहिला. मग बोटाला थुंकी लावली आणि म्हणाली, "बगू तरी, ह्याच्या फुडं काय हाय."

पुढं उंट होता.