नाव नसलेली ओळ

शरदचंद्रांनी माउसचं बटण इतक्या जोरात दाबलं, की टेबलावरच्या रिकाम्या बरण्या किणकिणल्या.

"बाबा, हलक्या हातानं," ऋता म्हणाली. "आता सॉर्टवर क्लिक करा."

सुनेचं ऐकून त्यांनी क्लिक केलं आणि माईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वहीतली नावं अकारविल्हे लागली. वर उन्नती, मधे कुळगावचे धर्मराज, खाली हरेश. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं पट्टीनं तक्ते आखलेल्या माणसाला हसूच फुटलं.

दर उन्हाळ्यात माई कैरीचं लोणचं घालायच्या आणि तेवीस घरी बरण्या पाठवायच्या. कुणाला तिखट, कुणाला गूळ घालून, कॅम्प पाच वस्तीतल्या हरेशला बिनलसणाचं. यंदा माई नव्हत्या. त्यांच्या माघारी एखादं घर चुकलं तर, याचा शरदचंद्रांनी धसकाच घेतला होता. म्हणून तर पंचाहत्तरीत हा एक्सेलचा खटाटोप.

"ही शेवटची ओळ बघा. नावच नाही," ऋता म्हणाली. "नुसतं 'मीठ कमी, लहान बरणी, फ्रिजमध्ये.' डिलीट करू?"

"खबरदार! वहीत होतं तस्सं उतरवलंय मी. कुणीतरी उपाशी राहील."

त्यांनी बेलवलीला विठाताईंना फोन लावला. त्या माईंच्या जुन्या मैत्रीण.

"कमी मिठाचं कुणाकडे जायचं हो? ही नाव लिहायलाच विसरली बहुतेक."

पलीकडून हसणं ऐकू आलं.

"विसरेल कशाला, भाऊजी? लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव कधी घेतलंय का?"

शरदचंद्रांनी फोन खाली ठेवला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून ते जेवताना कुरकुरायचे, तुझं लोणचं हल्ली अळणी होतं म्हणून. हात चुकला असेल, असं म्हणून माई पुढची पोळी वाढायच्या. तेवीस घरांच्या आवडी सांभाळणारा हात घरातच रोज कसा चुकतो, हे त्यांना कधी खटकलं नव्हतं. माईंची अशी काही आठवण दाटून आली, की त्यांना चष्मा काढावा लागला.

"कळलं का नाव? मग टाइप करा ना, बाबा."

त्यांनी कर्सर रिकाम्या चौकटीत नेला आणि परत आणला.

"राहू दे तसंच," ते म्हणाले. "ती लहान बरणी तेवढी शोध. आणि मीठ बेतानंच घाल."