अँबेसेडरची पुढची सीट

नवलच्या अँबेसेडरची पुढची सीट खचली, तेव्हा अख्ख्या यावलला त्यावरचा इलाज ठाऊक होता. नव्हता ठाऊक तो फक्त नवलला. कोणी म्हणे, खाली फळी टाक. कोणी म्हणे, जाड उशी घे. आणि एका शहाण्याने तर चहा पिता पिता सांगून टाकलं, गाडीच भंगारात दे. भंगारात! बापाने एकोणऐंशी साली एका केळीच्या व्यापाऱ्याकडून हौसेने घेतलेली गाडी, घरातल्या अकरा नवरदेवांना मांडवापर्यंत पोचवलेली, आणि म्हणे भंगारात! त्या दिवसापासून नवलने त्या हॉटेलात चहा प्यायचं सोडलं.

या जुन्या गाडीला पुढे दोन वेगळ्या सीटा नसतात, हे आजकालच्या पोरांना सांगावं लागतं. या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट, घरातल्या सोफ्यासारखी. गियरचा दांडाही खाली नसतो, स्टीयरिंगलाच असतो. खाली स्प्रिंगा, त्यावर काथ्या, त्यावर रेक्झिन. इतक्या वर्षांत काथ्याचा भुगा झाला आणि मधल्या दोन स्प्रिंगा टोचायला लागल्या. गाडी लग्नकार्यापुरती निघायची तोवर ते खपून गेलं. पण गेली चार वर्षं ती दर बुधवारी आणि शनिवारी जळगावला जात होती. नवलच्या बायकोला, कुंदाबाईला, डायलिसिसला नेत होती.

जाताना कुंदाबाई खिडकीपाशी ताठ बसायची. कोणाच्या बागेत घड चांगले धरलेत, कोणी नवीन पत्रे टाकलेत, सगळ्यावर तिचं बोलणं चालू. येताना मात्र तिच्यात काही उरलेलं नसे. चार तास यंत्राला जोडलेलं माणूस, प्रेशर उतरलेलं, पायात गोळे आलेले. दवाखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की ती दाराकडे पाय दुमडून आडवी व्हायची आणि नवलच्या मांडीवर डोकं ठेवायची. डाव्या मांडीवर. आता क्लचचा पाय तोच. क्लच दाबला की तिचं डोकं हलायचं आणि ती कण्हायची. म्हणून नवलने आपली एक रीतच बसवली होती. गाडी एकदा टॉप गियरला टाकायची, चाळीसच्या वर जायचं नाही, आणि जमेल तिथवर पाय हलवायचा नाही. तापीच्या पुलावर मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. करोत बापडे.

यावलला पोचल्यावर त्याचा पाय आपला राहिलेला नसे. दार धरून तो दोन-दोन मिनिटं उभा राहायचा, मुंग्या उतरायची वाट बघत. वय त्रेसष्ट, गुडघे आधीच कुरकुरणारे. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? आजारी बायकोचं डोकं मांडीला जड होतं, असं म्हणणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील?

आणि मग संक्रांत झाल्यावर एका दुपारी, मेथी निवडता निवडता, कुंदाबाई म्हणाली, "आता पुरे करा. या महिन्यानंतर मी नाही यायची."

"कुठं नाही यायची?"

"जळगावला. थकले मी."

रडली नाही, चिडली नाही. मेथी निवडत राहिली.  डायलिसिस थांबवलं तर किती दिवस, हे डॉक्टरांनी नवलला एकदा बाहेर बोलावून सांगितलं होतं. फार दिवस नव्हते ते. त्याने समजावलं, रागावून पाहिलं, नाशिकच्या मुलीला, हेमांगीला, फोन लावून दिला. कुंदाबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बघू." नवलने हात टेकले. रात्रंदिवस विचार करून त्याने एवढंच ठरवलं की, तिला थकवतो तो रस्ता. ती टोचरी, खचलेली सीट थकवते. सीट चांगली झाली तर ती येत राहील. दुसरं काही त्याच्या हातात तरी काय होतं?

हेमांगीने फोनवर फोटो पाठवला. नव्या गाडीसारख्या दोन वेगळ्या सीटा, खटका ओढला की पाठ मागे पडणाऱ्या. 'आईला नीट झोपता येईल,' असं खाली लिहिलेलं. मग धुळ्याहून थोरल्या भावाचा, मोतीलाल आबांचा फोन आला. "इकडं घेऊन ये गाडी. आपला भटू मिस्तरी आहे हायवेला. जुन्या गाड्यांच्या सीटा त्याच्यासारख्या कोणी करत नाही. कुंदालाही आण, बसून बघू दे. मी येतो सोबत."

नवलने हो म्हटलं, आणि इथेच चुकला. पण ही चूक आहे हे त्या वेळी त्याला ब्रह्मदेवाने येऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं. भावाने येतो म्हटलं, त्याला काय येऊ नको म्हणायचं?

कुंदाबाई माहेरची नरडाण्याकडची, जुन्या वळणाची. मोतीलाल आबा तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण जेठासमोर ती कधी खाटेवर बसली नव्हती, की त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलली नव्हती. त्यांचा आवाज ओट्यावर आला की पदर कपाळावर आणि बाई जमिनीवर. आबा काही कडक माणूस नव्हते. उलट त्यांची बायको, नवलची वहिनी, गेल्यापासून फारच मऊ झाले होते. पण रीत ती रीत. ती मोडायची असते हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

भटू मिस्तरीने अंगणात पत्र्याच्या सावलीला सगळं मांडून ठेवलं होतं. एका बाजूला दुसऱ्या एका अँबेसेडरची नवीन बांधलेली सलग सीट, नमुन्याला. दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी मोडीत गेलेल्या नव्या गाडीच्या दोन सीटा, राखाडी कापडाच्या, डोकं टेकायला वर उशी असलेल्या.

"काकू, बसा. चांगलं टेकून बसा," भटू म्हणाला. "अंगाला कळलं पाहिजे."

मोतीलाल आबा चार हातांवर खुर्चीत बसलेले. त्यांनी सभ्यपणे मान वळवली आणि हायवेवरच्या कंटेनरकडे बघू लागले. पण उठून गेले नाहीत. का जातील? भावाच्या कामाला आले होते. कुंदाबाईने पदर खाली ओढला, राखाडी सीटच्या अगदी काठावर टेकली, पाय जमिनीवर घट्ट, पाठ ताठ. आणि लगेच उठली. तव्यावर बसली असती तरी याहून जास्त वेळ बसली असती!

"कसं वाटलं?" नवलने विचारलं.

"बरं शे." थकली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची.

"आणि ही सलग?"

ती सलग सीटच्या काठावरही तशीच टेकली, तशीच उठली. "हेबी बरं शे."

"अगं, दोन्ही कसं बरं असेल? एक सांग ना."

"तुम्ही बघा," ती पुटपुटली आणि भिंतीकडे जाऊन उभी राहिली.

भटू म्हणाला, "सलग पाहिजे तर सांगाडा नीट करावा लागंल, स्प्रिंगा मागवाव्या लागतील. पंधरा दिवस गेले. या दोन तर आजच बसवून देतो."

"पाठ मागे पडते ती घे," आबा म्हणाले. "आजारी माणसाला आराम पाहिजे."

नवल त्या राखाडी सीटवर बसला. दोन्ही पाय पुढे सोडले. मांडीवर काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला इतकं बरं वाटलं की डोळे मिटले. मग दचकून उघडले, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून. "याच बसव," तो भटूला म्हणाला. कुंदासाठीच घेतोय, असं त्याने स्वतःला तीन-चार वेळा बजावलं. दुपार कलली तोवर जुनी सीट भटूच्या अंगणात पडली होती आणि गाडीत दोन नव्या सीटा बसल्या होत्या, मध्ये वीतभर फट ठेवून.

शनिवारी जळगावहून परत निघताना नवलने खटका ओढून तिची पाठ मागे पाडली. उशी नीट केली. कुंदाबाई आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. मधल्या फटीत पाण्याची बाटली ठेवलेली होती. नवलने मनासारखे गियर टाकले, दोन ट्रकही मागे टाकले. यावल वीस मिनिटं लवकर आलं. तो दार उघडून सरळ उतरला, ना मुंग्या, ना कळ. त्याला हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लाजही वाटली. कुंदाबाईने वाटेत तोंडातून ब्र काढला नव्हता.

बुधवारी सकाळी त्याने गाडी काढली आणि हॉर्न वाजवला. ती ओट्यावर बसून होती. पायात चपला नव्हत्या.

"गाडी आत घाला," ती म्हणाली. "मी येत नाही."

"अगं, नवीन सीट केली तुझ्यासाठी! आता काय टोचतंय?"

"काही टोचत नाही."

"मग?"

तिने गाडीतल्या नव्या सीटांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "ते यंत्र मला कधीच सोसलं नाही. चार वर्षं सुई टोचताना मी मनात एकच म्हणत होते, एवढं झालं की गाडीत जाऊन पडायचं. परतीच्या वाटेसाठी येत होते मी. आता तिथं तुम्ही एका खुर्चीत, मी एका खुर्चीत. बसमधली माणसं बसतात तशी. मग कशाला यायचं?"

नवल गाडीतून उतरून ओट्याच्या पायरीवर बसला. "मग धुळ्याला का नाही बोललीस? बरं शे, हेबी बरं शे! दोनदा विचारलं मी!"

"काय बोलू?" ती एकदम भडकली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज असा चढला नव्हता. "जेठासमोर सांगू, की नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवायला जागा पाहिजे? लाज नाही का मला? तुम्ही त्यांना सोबत घेतलंच कशाला?"

 नवलने तोंडावरून हात फिरवला. मग जे चार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "मलाही ती जुनी सीट नको होती, कुंदा. माझा पाय मरून जायचा. मी थकलो होतो. ही नवी मी माझ्यासाठी घेतली."

"माहीत शे," ती म्हणाली. राग आला तसा उतरला होता. "दार धरून उभे राहता, ते मला दिसत नाही का? मी डोळे मिटून पडलेली असते, आंधळी नाही झाले. म्हणून तर बरं म्हटलं. म्हटलं, या माणसाला तरी सुटका मिळू दे."

 समोर गाडी नुसतीच घरघरत होती. नवलने खिशातून फोन काढला आणि आबांना लावला. थोरल्या भावाशी तो आजवर पाऊसपाणी, पोरांची लग्नं आणि दुखणीखुपणी याच्यापलीकडे काही बोलला नव्हता. त्याचे कान तापले. पण तो बोलला, भराभरा, श्वास न घेता. "आबा, त्या सीटा काढायच्या. सलगच पाहिजे. येताना कुंदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपते. ते या सीटांवर जमत नाही. आणि त्याशिवाय ती यायला तयार नाही."



"तिथंच सांगायचं ना, गाढवा," आबा म्हणाले. "मी उठून बाहेर गेलो असतो." मग हळूच बोलले, "याच गाडीत तुझी वहिनी जन्मभर मागं बसली रे नवल. पुढं मी आणि बाबा, नाही तर मी आणि तू. दवाखान्यात शेवटची नेली, तेव्हाही मागंच होती. पुढं जागा रिकामी होती. मला सुचलंच नाही, तिला पुढं ये म्हणायचं. आरशातून बघत होतो तिच्याकडं." शेवटी म्हणाले, "भटूकडं मी आत्ताच जातो. कुंदाला सांग, जा म्हणावं दवाखान्यात."

नवलचा फोन जुना, आवाज सगळा बाहेर येणारा. कुंदाबाईने सगळं ऐकलं होतं. जेठाचा आवाज आला तसा तिने बसल्या जागी पदर डोक्यावर घेतला होता, आणि आता त्याच पदराने डोळे पुसत होती. मग भिंतीला धरून उठली. चपला शोधल्या, दवाखान्याची पिशवी घेतली आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"आज मागं बसते मी. त्या खुर्चीपेक्षा येताना मागं कुशीवर तरी पडता येईल," ती म्हणाली. "पण त्या मिस्तरीला सांगा, पंधरा दिवस लावायचे नाहीत. आठ दिवसांत पाहिजे माले."