उताराची लांबी

अपघातानंतर शाळेने कनकाला शिकवायला तळमजल्यावरचा वर्ग दिला. शाळा घरामागच्याच गल्लीत होती. टी. नगरच्या तिच्या इमारतीला लिफ्टही होती, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतून तिसऱ्या मजल्यावरून खाली येणं कठीण नव्हतं. पण लिफ्ट आणि फाटक यांच्यामध्ये पायऱ्या होत्या.

तिथे तिला खुर्चीसकट उचलावं लागे. तिचा नवरा मुरली आणि वॉचमन उचलत. मुरली नसला की शेजारचं कुणी येई. एकदा ओल्या फरशीवर वॉचमनचा पाय घसरला, खुर्ची कलंडली आणि कनकाचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तसं तिने इमारतीच्या असोसिएशनकडे रॅम्प मागितला.

सेक्रेटरी हंबीरराव तिच्या सासऱ्यांचे तंजावरपासूनचे स्नेही. ते म्हणाले, "रॅम्प कशाला ग? आम्ही आहोत की उचलायला."

"तुम्ही आहात, मामा. पण मला कुणी नसतानाही बाहेर जायचंय."

त्यांनी विषय टाळला. मग कनका रोज संध्याकाळी लिफ्टने एकेका मजल्यावर जाऊन घरोघरी बोलू लागली. कुणी बाहेरचं रूप बिघडेल म्हणालं, कुणी चहा देऊन गप्प बसलं. पण मीटिंगला बरेच जण आले आणि रॅम्प मंजूर झाला.

हंबीररावांनीही मग उभं राहून काम करवून घेतलं. रॅम्प तयार झाला त्या दिवशी दारात कोलमची रांगोळी काढली, नारळ फोडला. कनका फाटकाकडून खुर्ची रेटत चढू लागली. अर्ध्यावर हात थकले आणि खुर्ची मागे सरकली. मुरलीने धावत येऊन धरली. थोडं ढकललं की झालं, असं सगळे म्हणू लागले.

"हा फार उभा झालाय. तोडून पुन्हा करावा लागेल," कनका म्हणाली.

घरी मुरली चिडला. लोकांनी एवढं केलं, आता आणखी किती ताणायचं, असं त्याचं म्हणणं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हंबीररावांचं दार वाजवलं. फूटभर चढायला बारा फूट लांबी लागते, हे तिने त्यांना समजावलं. एवढा लांब उतार भिंतीकडेने वळवावा लागणार होता आणि तिथे त्यांची गाडी उभी असे. बदल्यात तिने इमारतीमागची स्वतःची गाडीची जागा देऊ केली. इमारत बांधल्यापासून आपण तिथेच गाडी लावतो, एवढंच ते म्हणाले.

रविवारी तिने त्यांना खाली बोलावलं. ती वॉचमनच्या बाकावर बसली आणि मुरलीने तिच्या खुर्चीत तांदळाची गोणी ठेवली.

"माझ्या निम्म्या वजनाचीही नाही, मामा. एवढी या रॅम्पवरून खाली नेऊन दाखवा."

हंबीररावांनी खुर्चीच्या मुठी धरल्या. दोन पावलांतच खुर्चीने त्यांना ओढलं. चप्पल निसटली आणि ते खुर्चीमागे धावत फाटकावर जाऊन आदळले. ते काही वेळ फाटक धरून उभे राहिले. गोणीकडे पाहिलं. मग चप्पल पायात घालून वर गेले, किल्ली आणली आणि गाडी मागे नेऊन लावली.

नवा रॅम्प लांबलचक, कठड्याचा झाला. त्यावरून शाळेला जायच्या पहिल्या दिवशी कनकाने मुरलीला घरातच थांबायला सांगितलं. खाली हंबीरराव उभे होते. वळणावर ती थांबली, तसे ते हात पुढे करून सरसावले.

"नको, मामा. दम खातेय," ती म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतले. थोड्या वेळाने तिने चाकांवरची पकड सैल केली आणि हळूहळू फाटकाबाहेर पडली.